कड्यांचा सदरा आणि तीनसारखं अक्षर

लेकीकडे एडिंबराला दोन महिने राहून आले. ती सकाळी कामावर गेली की मी बसचा पास घेऊन बाहेर पडायची. अशाच एका भिजक्या दुपारी गावाबाहेरच्या एका छोट्या संग्रहालयात शिरले. तिथे 'हात लावून पाहा' अशी पाटी असलेल्या टेबलावर एक लोखंडी फडकं पडलं होतं. लढाईत घालायच्या कड्यांच्या चिलखताचा तो तुकडा होता, इंग्रजीत ज्याला 'मेल' म्हणतात. पण फडकंच म्हणायला हवं, कारण त्याला घडी पडत होती. हातरुमालाएवढं ते उचललं आणि मनगट खाली गेलं. ओंजळीत घेतलं तर ज्वारीच्या दाण्यांसारखं बोटांतून घरंगळून पुन्हा तळव्यात गोळा झालं. आधी बर्फासारखं थंड होतं, दोन मिनिटांत अंगाइतकं कोमट झालं. शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता. चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिलं तेव्हा दिसलं की एकेक कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवलेली आहे. उजेडात तिरकं धरल्यावर प्रत्येक कडीवर एका जागी मोहरीहून बारीक टेंगूळ दिसलं.

टेबलामागे ऐंशी ओलांडलेले एक आजोबा बसले होते. तरुणपणी ग्लासगोच्या गोदीत जहाजांचे पत्रे ठोकायचं काम केलं होतं त्यांनी. "ते टेंगूळ म्हणजेच सगळं काही," ते म्हणाले. "तो खिळा आहे."

मग त्यांनी मला कडी कशी होते ते दाखवलं. आपला सोनार भोकांच्या पट्टीतून तार ओढून बारीक करतो, तशीच लोखंडाची तार ओढायची. ती गजाभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि उभी कापायची, म्हणजे सुट्या कड्या हातात येतात. प्रत्येक कडीची दोन टोकं एकमेकांवर थोडी चढवून हातोडीनं चपटी करायची, त्या चपट्या जागेला भोक पाडायचं, कडी शेजारणींमध्ये ओवायची आणि भोकात कणभर खिळा घालून ठोकून टाकायची. युरोपातल्या जुन्या सदऱ्यांत बरेचदा एक ओळ पत्र्यातून पाडलेल्या अखंड कड्यांची आणि एक ओळ ठोकलेल्या कड्यांची असे. पुढे पुढे सगळ्याच कड्या ठोकलेल्या येऊ लागल्या. अंगभर सदऱ्याला अशा वीस-तीस हजार कड्या लागत आणि त्याचं वजन दहा किलोच्या आसपास भरे. खिळा नसेल तर नुसती वाकवून बंद केलेली कडी भाल्याच्या टोकाखाली उघडते. तेवढी एक उघडली की संपलं. आजोबांनी पकडीनं एक बिनखिळ्याची कडी दोन बोटांच्या जोरावर उघडून दाखवली. खिळ्याची कडी काही केल्या उघडेना.

मी तीस वर्षं पुण्यात मुद्रितशोधनाचं काम केलं आहे. सुरुवातीची काही वर्षं शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यात गेली. आपल्या भाषेत छापायच्या अक्षरालाही खिळाच म्हणतात. त्यामुळे 'तो खिळा आहे' हे वाक्य माझ्या मनात वेगळ्याच जागी जाऊन रुतलं.

निघताना मी आजोबांना विचारलं, ह्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? इंग्रजीत नव्हे, तुमच्या जुन्या स्कॉट्समध्ये. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मेल्ये." मला हसूच आलं. कोकणातली माझी आजी लाडानं आणि रागानं, दोन्ही वेळा हाच शब्द वापरायची. आजोबांनी माझ्या वहीत तो शब्द लिहून दिला. आधी मेलची अक्षरं, शेवटी ए, आणि मधे चक्क आपल्या देवनागरी ३ च्या आकड्यासारखं एक अक्षर, शेपूट ओळीखाली लोंबणारं.

त्या अक्षराचं नाव योख. त्या रात्री लेक झोपल्यावर मी त्याच्या मागे लागले. जुन्या स्कॉट्सचा मोठा कोश आता संगणकावर कुणालाही उघडता येतो. डंडीच्या विल्यम क्रेगी नावाच्या कोशकारानं तो हाती घेतला. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांपैकी हा एक. स्वतःच्या मातृभाषेचा जुना ठेवा वेगळा नोंदवायला हवा, असं त्याला तिथे काम करतानाच वाटू लागलं असणार. छपाई १९३१ साली सुरू झाली आणि बारावा खंड २००२ साली निघाला. ज्यांनी आरंभ केला त्यांच्यापैकी शेवट पाहायला कुणी उरलं नव्हतं. बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतची भाषा त्यात आहे. कज्जेदलाली, मृत्युपत्रं, राजवाड्यातल्या खजिनदाराचे हिशेब, शस्त्रांच्या याद्या ह्यांतून एकेक शब्द वेचलेला. मेल्येच्या बाह्या, मेल्येची गळपट्टी असे तुकडे त्या याद्यांत भेटतात. सबंध सदरा परवडत नसेल तर माणूस नुसत्या बाह्या घेई.

'ल' नंतरचं हे तीनसारखं अक्षर तिथे उगाच आलेलं नाही. शब्द फ्रेंचांकडून आलेला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार करताना 'ल' टाळूला चिकटून किंचित 'य'कडे झुकत असे, आपल्या 'मूल्य', 'तुल्य' मधल्यासारखा. इंग्रजांनी तो झुकाव सोडून दिला आणि नुसतं 'मेल' ठेवलं. स्कॉट लोकांनी तो कानात जपला आणि लिहिताना त्यासाठी योख वापरला.

मग छापखाना आला. १५०८ साली एडिंबरात वॉल्टर चॅपमन आणि अँड्रो मिलर ह्यांनी स्कॉटलंडची पहिली पुस्तकं छापली. तोवर हस्तलिखितांत योखचं आणि शेपटीवाल्या झेडचं वळण इतकं सारखं झालं होतं की खिळे जुळवणारे योखच्या जागी झेडच उचलू लागले. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पेटीत जो खिळा असतो तोच हाताला लागतो. वाचणाऱ्यांना उच्चार ठाऊक होता, त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते पुढच्यांचं. पिढ्या गेल्या, आणि झेड दिसतो म्हणून लोक झेड वाचू लागले. मेंझीस हे आडनाव खरं तर मिंगिस आहे. डाल्झील असं दिसतं ते डीएल आहे. आयरशरच्या समुद्रकाठावरचा कल्झीन दिसणारा किल्ला म्हणजे कलेन. स्कॉटलंडमध्ये आजही ही नावं बरोबर उच्चारणारे भेटतात, पण बाहेरून येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा चुकतो, कारण डोळ्यांना समोर झेड दिसतो.

त्या रात्री मला आपला 'दऱ्या' शब्द आठवला. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक आहे तो 'य'च्या डोक्यावरचा रफार की 'य'च्या पोटाशी टेकलेली ती पापणीसारखी रेघ, एवढाच. संगणक नवे होते तेव्हा कित्येक फॉन्टांमध्ये ती पापणी नव्हतीच. पानामागून पान मी सह्याद्रीत समुद्र वाचलेला आहे. तेव्हा लाल शाईनं दुरुस्ती करायची आणि छापखान्यातून निरोप यायचा की बाई, तसं अक्षर आमच्याकडे येत नाही. मी भांडले. ज्यांनी ज्यांनी भांडून ती पापणी परत आणली, त्या सगळ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. योखसाठी भांडणारं त्या वेळी कुणी उभं राहिलं नाही, किंवा राहिलं असेल तर त्याचा आवाज टिकला नाही.

मेल्ये शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे माकुला म्हणजे डाग, ठिपका. आणि माकुला म्हणजे जाळ्याचा डोळाही. कोळ्याच्या जाळ्यात दोऱ्यांच्या मधे जी मोकळी जागा असते, ती. म्हणजे ह्या लोखंडी कापडाला नाव मिळालं ते लोखंडावरून नाही, कड्यांवरूनही नाही, कड्यांच्या मधल्या पोकळीवरून मिळालं. हे मला फार सुंदर वाटतं. 'चेन मेल' असं आज सगळे म्हणतात, पण ती नंतरच्या इतिहासप्रेमींनी लावलेली जोड आहे. हे वापरणाऱ्यांना 'चेन' म्हणायची गरज कधी पडली नाही. नुसत्या मेल्येत सगळं आलं होतं.

आपण रोज जो 'मेल' पाठवतो त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तो आला जुन्या फ्रेंचमधल्या प्रवासी पिशवीवरून. पत्रांची पिशवी, मग पिशवीतली पत्रं, मग ती वाहणारी गाडी. आपल्या स्टेशनांवर घोषणा होते ती मेल हीच. स्कॉट्समध्ये आणखी एक तिसरा मेल होता, उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या बोलीतून आलेला. त्याचा अर्थ ठरलेला खंड, भाडं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर गुरं पळवणाऱ्या टोळ्यांचं राज्य होतं, तेव्हा शेतकऱ्यांना एक खंड जमीनदाराला द्यावा लागे आणि दुसरा ह्या टोळ्यांना, आमचं गोठं लुटू नका म्हणून. तो दुसरा म्हणजे ब्लॅकमेल. आपल्या मराठी बातम्यांत आठवड्यातून चारदा येणारा शब्द तिथल्या सीमेवरच्या गोठ्यांतून निघालेला आहे. १६०१ साली इंग्लंडच्या संसदेनं उत्तरेकडच्या चार परगण्यांत तो घेणं आणि देणंही गुन्हा ठरवलं. देणाऱ्यालाही शिक्षा! ज्याचं घर सीमेवर आहे त्यानं काय करायचं होतं, कोण जाणे.

कड्यांच्या सदऱ्याला इतर नावंही होती. लांब सदरा तो हॉबर्क आणि आखूड तो हॅबर्जन. ह्या शब्दाच्या पोटात जुन्या जर्मानिक भाषेतली मान आणि राखण आहे. म्हणजे मूळचं गळ्याचं रक्षण, ते पुढे गुडघ्यापर्यंत उतरलं. सदऱ्याच्या आत जाड रजईसारखा शिवलेला कापडी अंगरखा लागे, कारण कड्या धार अडवतात पण दणका अडवत नाहीत. हाडं मोडायची ती मोडतातच. त्या आतल्या अंगरख्याला स्कॉट्समध्ये ॲक्टन म्हणत, आणि हा शब्द निघाला अरबीतल्या अल-कुत्न ह्यावरून. कुत्न म्हणजे कापूस. लोखंडाखाली कापूस, आणि त्या कापसाचं नाव अरबस्तानातून स्पेन-फ्रान्समार्गे थेट स्कॉटलंडच्या चिखलात.

स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस ह्याच्या १३१८ च्या कायद्यात हे सगळं पैशांच्या हिशेबानं मांडलेलं आहे. दहा पौंडांची मालमत्ता असेल त्याच्याकडे ॲक्टन आणि शिरस्त्राण हवं. ते नसेल तर कड्यांचा चांगला आखूड सदरा आणि लोखंडी टोपी. आणि ज्याच्याकडे एका गाईच्या किमतीएवढंच आहे, त्यानं एक भाला, नाहीतर धनुष्य आणि चोवीस बाण ठेवावेत. हे वाचताना मी थांबले ती गाईपाशी. गाईवाल्याच्या छातीवर काहीच नाही. पुढे १५२१ साली जॉन मेजर ह्या इतिहासकारानं लिहिलं की डोंगराळ भागातले सरदार लढाईत लोखंडी कड्यांचा सदरा घालतात, आणि साधी माणसं लिननचे तुकडे जोडून शिवलेला, मेण किंवा डांबर चोपडलेला अंगरखा घालतात, वर हरणाचं कातडं. मेणाचा अंगरखा घालून कड्यांच्या सदऱ्याशेजारी उभं राहायचं.

त्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषेत सदऱ्याला लूरॅख म्हणतात, लॅटिन लोरिकावरून. ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रार्थना असा आहे. सेल्टिक ख्रिस्ती परंपरेत लोरिका नावाच्या संरक्षणाच्या प्रार्थना आहेत, आणि त्यांतल्या काहींत कपाळ, डोळे, जीभ, खांदे, बरगड्या असं एकेक अंग नाव घेऊन देवाच्या हवाली केलेलं असतं. मला समजवायला कुणाची गरज पडली नाही. आमच्या घरी तिन्हीसांजेला रामरक्षा म्हटली जायची. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक अशी वरून खाली उतरत जाणारी. तिलाही आपण कवचच म्हणतो. लेकीच्या त्या छोट्या खोलीत, खिडकीबाहेर पाऊस पडत असताना, मी कपाळापासून पावलांपर्यंत सगळी म्हटली.

आणि मग सीक्रेट. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकात हे नाम होतं. रोजच्या कपड्यांच्या आत, कुणाला कळू न देता घालायचा कड्यांचा सदरा म्हणजे सीक्रेट. शस्त्रांच्या याद्यांत तो हातमोज्यांसारखा सहज नोंदलेला असे. ह्या एका शब्दात त्या दरबाराची सगळी हवा भरलेली आहे. होलीरूड राजवाड्यातली मेरी राणीची ती जेवायची खोली मी पाहिली. जेमतेम आपल्या देवघराएवढी. ९ मार्च १५६६ च्या रात्री राणी तिथे जेवायला बसली होती, सहा महिन्यांची गरोदर. तिचा चिटणीस डेव्हिड रिझिओ सोबत होता. लॉर्ड रुथव्हेन आत आला. तो इतका आजारी होता की अंथरुणातून उठून आला होता, आणि त्याच्या झग्याच्या आत चिलखत होतं. रिझिओला राणीच्या घागऱ्यापासून ओढून बाहेर नेलं आणि पन्नासहून जास्त वार केले. मरायला टेकलेला माणूस, आणि कुणाला मारायला जाताना स्वतःचं अंग लोखंडानं झाकून घेतो. त्या खोलीच्या दाराशी मी खूप वेळ उभी राहिले.

अंगरख्याच्या आतलं चिलखत म्हटलं की मराठी माणसाचं मन कुठे जाणार ते सांगायला नको. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. पण इथे हेतू उलटा होता. दगा होणार हे ओळखून जीव राखायला घातलेलं ते चिलखत. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या अंगात 'जरीची कुडती' आहे. खानाची जमदाड त्या कुडतीवर 'खरखरली' आणि अंगास लागली नाही. शाळेपासून मी हे वाचत आले आणि जरी म्हणजे पैठणीच्या पदराची जरी असंच समजत आले. एडिंबराहून आल्यावर पुन्हा वाचलं आणि 'खरखरली' ह्या शब्दावर अडखळले. रेशमावर, सोन्याच्या तारेवर पोलाद खरखरत नाही. ते कापत जातं. खरखरतं ते लोखंडाच्या कड्यांवर. फारसीत कड्यांच्या चिलखताला जिरेह म्हणतात. आपल्या जिरेटोपातलं 'जिरे' ते हेच. मला मनापासून वाटतं की ती जरी म्हणजे हा जिरेह आहे. 'जि'ची वेलांटी नि 'ह' कुठेतरी गळाले आणि आपल्या डोळ्यांसमोर जरतार उभी राहिली, जसा मिंगिसच्या जागी मेंझीस उभा राहिला.

ह्या प्रसंगाचं इंग्रजीत ज्यानं सगळ्यांत गाजलेलं वर्णन केलं तो जेम्स ग्रँट डफ स्कॉटच होता, बॅन्फ गावचा, जन्म १७८९ चा. साताऱ्याला रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून आला. त्यानं महाराजांच्या पागोट्याखाली आणि सुती अंगरख्याखाली काय होतं हे सांगितलं आहे, आणि तिथे त्याला जिरेहचा अर्थ बरोबर लागलेला आहे. पण त्यासाठी तो शब्द वापरतो इंग्रजांचा, साखळीचा. त्याच्या खापरपणज्यांना मेल्ये म्हणता आलं असतं. १८२६ पर्यंत बॅन्फच्या ह्या हुशार मुलाकडे तो शब्द राहिला नव्हता. त्याच्या घराण्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेलेली वाघनखं २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याला आली, तेव्हा मी रांगेत उभी राहून पाहिली. तीच ती वाघनखं, असं म्युझियम स्वतःही ठामपणे म्हणत नाही. माझ्या मनात काचेपलीकडे त्या वेळी वाघनखांशेजारी एक कुडती होती.

गेल्या महिन्यात मुलांच्या एका पुस्तकाची प्रुफं तपासायला आली. प्रतापगडाचं प्रकरण होतं आणि शेजारच्या पानभर चित्रात महाराजांच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टीचा अंगरखा, मजकुरात 'जरीची कुडती'. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: 'खरखरली म्हणजे आत कड्या असाव्यात. जिरेह? लेखकाला आणि चित्रकाराला विचारावे.' अशा शेऱ्यांना सहसा उत्तर येत नाही. ह्या वेळी आलं. चित्रकार मुलीनं फोन करून सगळं नीट समजून घेतलं आणि आठ दिवसांनी नवं चित्र पाठवलं. अंगरखा तसाच, पण जमदाडीनं कापड फाटलंय तिथे आतून लोखंडाच्या पाच-सहा कड्या दिसतायत, चारात एक ओवलेल्या, अगदी बरोबर.

फक्त त्या नुसत्या वाकवून बंद केलेल्या होत्या. मी पुन्हा पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं: 'प्रत्येक कडीवर एक बारीक ठिपका द्यावा.'